सगळ्यात वरचा नियम

गुळण्या हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. शाळेत हजेरीच्या वेळी त्याची पाळी आली की तो उभा राहायचा, तोंड उघडायचा आणि ‘हजर’ हा साधा शब्द काही केल्या बाहेर यायचा नाही. तोंडात गुळणी धरल्यासारखा नुसता उभा. मागच्या बाकावरच्या एका टारगटानं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. नावाला हरकत घ्यायची तर बोलावं लागतं, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं. शाळा सुटली, मिशी फुटली, मिशीत पांढरे केस डोकावले, तरी नाव काही सुटलं नाही. आपणही त्याला गुळण्याच म्हणू. त्यानं ते मनावर घेणं केव्हाच सोडून दिलं आहे.

लोकांना वाटायचं, हा अबोल आहे. अबोल कसला! आत शब्दांची नुसती झुंबड. पण क, प आणि च या अक्षरांचं त्याच्याशी जन्माचं वैर होतं, आणि बाकीचीही लहर लागेल तशी रुसायची. त्याचं अडखळणं मात्र फार थोड्या लोकांनी ऐकलं होतं, कारण अडखळायची वेळ आली की तो गप्पच व्हायचा. अडखळणाऱ्याला लोक हसतात आणि गप्प बसणाऱ्याला शहाणा समजतात, हे त्याला कोवळ्या वयातच उमगलं होतं. जगाचा हा शुद्ध मूर्खपणा आहे, पण त्याला तो सोयीचा पडला.

शिवाय त्यानं आडवाटा शोधून ठेवल्या होत्या. दुकानात कात्री हवी असली की ‘दोरा तोडायचं द्या’. पावती हवी तर ‘बिल’. पगार झाला का असं विचारायचं तर ‘महिन्याचे आले?’. एक शब्द अडला की दुसऱ्या रस्त्यानं, दुसरा अडला की तिसऱ्या, आणि तोही बंद असला तर हातवारे. हे सगळं इतकं झटपट व्हायचं की समोरच्याला वाटावं, माणूस जरा विचित्र बोलतो, एवढंच. फक्त नावांना आणि आकड्यांना आडवाट नसते. तिथं त्याची पाचावर धारण बसायची.

आणि एक गोष्ट त्याला लोकांच्या हसण्यापेक्षाही लागायची. लोक त्याचं वाक्य पूर्ण करायचे. आई करायची, ती मायेनं. त्यानं ‘आई, मला प...’ म्हणायचा अवकाश, आई म्हणायची, “पाणी हवं का राजा?” आणि पेला घेऊन हजर. त्याला हवा असायचा पतंग. तो मुकाट्यानं पाणी प्यायचा. पुढे मास्तरांनी तेच केलं, मित्रांनी केलं, लग्न झाल्यावर बायकोनं केलं. सगळी चांगली माणसं, कुणाच्या मनात काडीचंही वाईट नाही. पण चाळिशी उलटली तरी या माणसाला आपलं एखादं लांब वाक्य शेवटपर्यंत स्वतः नेऊन पोचवता आलं, असं फार क्वचित झालं होतं. वाईट वाटण्यासारखीच गोष्ट आहे ही, आणि त्याला ते वाटायचंही.

असा माणूस टेलिफोनच्या धंद्यात शिरला याचं बऱ्याच जणांना हसू यायचं. त्यात हसण्यासारखं काही नाही. उपाशी माणसाचे पाय खाणावळीकडेच वळतात. जुने तारांचे फोन इंटरनेटवर नेऊन द्यायचे, हे त्याचं काम. त्यासाठी गिऱ्हाइकाकडे एक डबा बसवायचा असतो, त्याला गेटवे म्हणतात. एका बाजूनं जुन्या तारा आत येतात, दुसऱ्या बाजूनं इंटरनेटची वायर बाहेर पडते, आणि डब्याच्या पोटात नियम लिहून ठेवायचे असतात. अमक्या तारेवरून फोन आला तर तो तमक्या ठिकाणी पाठव. तिथं कुणी उचलला नाही तर दुसरीकडे, तिथंही नाही तर तिसरीकडे. त्याच्या बायकोनं हे एकदा नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही जन्मभर तोंडानं जे करत आलात, तेच आता डब्याला शिकवता.” यावर तो नुसता हसला. उत्तर द्यायचं तर वेळ लागला असता.

डबा आज्ञाधारक असतो, पण अकलेच्या नावानं शून्य. तो नियम वरून खाली वाचत येतो, जो पहिला लागू पडेल तो पाळतो आणि मोकळा होतो. खाली कितीही चांगले नियम लिहिलेले असोत, त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून कुठला नियम वर आणि कुठला खाली, यातच सगळी कारागिरी. आता या धंद्यातल्या लोकांची एक रीत आहे. काम चालू असताना ते सगळ्यात वर एक चाचणीचा नियम टाकतात: कुठूनही फोन येवो, तो माझ्या मोबाईलवर पाठव. मग एकेक तार वाजवून बघायची. खिशात घंटा वाजली की तार ठीक. सगळ्या तारा तपासून झाल्या की निघताना तो नियम पुसायचा. तो पुसायला एकदाही विसरला नाही असा माणूस या धंद्यात शोधून सापडायचा नाही. बहुतेक वेळा एवढंच होतं की एखाद्या गोदामाचे फोन दिवसभर आपल्या खिशात वाजतात आणि आपलं हसं होतं.

गुळण्या मात्र कधी विसरला नव्हता. त्याचा एक जोडीदार होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि का म्हणायचे ते वेगळं सांगायला नको. दोघांनी काम वाटून घेतलं होतं. डब्याशी गुळण्या बोलायचा, माणसांशी रेडिओ. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की रेडिओ त्याला बाजूला घेऊन असं काही पिळायचा की विचारणारा दमून निघून जायचा. तोवर गुळण्या शांतपणे आपले नियम लावून, चाचणीचा नियम पुसून, हत्यारांची पेटी बंद करून उभा.

पण लिफ्टवाल्या कंपनीचं काम निघालं त्या दिवशी रेडिओची दाढ काढलेली. तोंडात कापूस कोंबलेला, त्याचीच बोलती बंद. गुळण्या एकटाच गेला.

ही कंपनी शहरातल्या कितीतरी इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल करायची. प्रत्येक लिफ्टमध्ये घंटेचं चित्र असलेलं एक पिवळं बटण. आत कुणी अडकलं आणि ते दाबलं की भिंतीतला फोन आपोआप लागतो तो कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये. तिथं एक ऑपरेटर कायम बसलेला. या सगळ्या लिफ्टच्या तारा डब्यावर आणायच्या होत्या. गुळण्यानं दिवसभर मान मोडून काम केलं. संध्याकाळी शेवटची तार वाजली, त्याच्या खिशात घंटा झाली, आणि आता चाचणीचा नियम पुसायचा तेवढ्यात मागून कंपनीचे साहेब आले.

“वा! झालं वाटतं. आता असं करा, आमच्या मंडळींना जरा समजावून सांगा. पाच-दहा मिनिटं बोला, जास्त नको.”

गुळण्यानं वळून बघितलं तर साहेबांच्या मागे खुर्च्या सरकवणं सुरू झालेलं. कुणी चहाचा कप घेऊन बसलेलं, कुणी वही उघडलेली. एक जण तर पुढच्या खुर्चीसाठी दुसऱ्याला कोपर मारत होता. गुळण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं, “बस... बस सुटेल,” एवढं कसंबसं म्हणाला, लॅपटॉप मिटला, पेटी उचलली आणि जिन्यावरून जो सुटला तो रस्त्यावर येईपर्यंत थांबला नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. नियम मात्र तिकडे सगळ्यात वर तसाच राहिला होता.

दुसरा दिवस सुट्टीचा. दुपारचं जेवण आटोपून बायको तिच्या बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, “गॅसवाल्याचा फोन आला तर उचलू नका, मी आल्यावर बोलते.” हे सांगायची काही गरज नव्हती. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा खडा त्यानं कानाला कधीच लावलेला. खिडकीशी त्याचं एक टेबल होतं. त्यावर जुने फोन, सुटे स्क्रू, वायरींची गुंतवळ, आणि कडेला चाचणीसाठी ठेवलेला एक टेबल-फोन. हा फोन त्यानं आदल्या दिवशीच लिफ्टवाल्यांच्या डब्याशी जोडून ठेवला होता, म्हणजे काही अडलंच तर घरूनच तपासता यावं. एका जुन्या फोनचं पोट उघडून तो मजेत बसला होता.

मोबाईल वाजला. नंबर अनोळखी. त्यानं तो उलटा करून ठेवला. वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. त्यानं त्यावर रुमाल टाकला. घंटा चांगली शेवटपर्यंत वाजली आणि थांबली. मग जरा शांतता गेली, आणि पुन्हा सुरू. आता मात्र वैतागून त्यानं आवाजच बंद करावा म्हणून फोन उचलला, आणि नंबरावर नजर गेली. शेवटचे आकडे ओळखीचे होते. काल स्वतःच्या बोटांनी त्यानंच ते डब्यात भरले होते.

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलाखाली घरंगळला. सगळं एका क्षणात डोक्यात लख्ख झालं. नियम पुसायचा राहिला होता. कुठल्या तरी लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलं होतं, आणि त्या माणसाची हाक कंट्रोल रूमला न जाता त्याच्या रुमालाखाली वाजत होती. त्यानं फोन कानाला लावला.

“कुणी आहे का हो? आहे का कुणी?” बाईचा आवाज होता, साठीच्या आसपासचा, दमलेला.

“हो,” गुळण्या म्हणाला. ‘हो’ कसा कोण जाणे सुटला.

“अहो, लिफ्ट अडकलीय. दिवा गेला, पंखा गेला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. किती वेळ हे बटण दाबतेय, कुणी उचलेचना! दोनदा वाजून वाजून बंद पडलं. मला वाटलं, आता आपण इथं अशाच जाणार आणि कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही...” पुढचं तिला बोलवेना.

“इमारत?” त्यानं विचारलं.

“निळ्या गेटची. नंबर कुठं पाहिलाय मी? मी शिंपीण आहे हो. एका गिऱ्हाइकाच्या पँटी आखूड करून दिल्यात, त्या द्यायला आले होते. तिनं गच्चीवरून हात हलवला, मी आत शिरले. मोबाईल आहे, पण आत त्याला रेंज नाही. भाऊ, कुणाला तरी पाठवा ना लवकर.”

तोवर त्यानं लॅपटॉप उघडला होता. डब्याच्या पडद्यावर एकच तार जागी होती: इमारत चौदा, लिफ्ट दुसरी. आणि त्याच्या वर, सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला त्याचा नियम. त्यानं तो पुसला. चालू फोनला त्यामुळे धक्का लागत नाही, पुढचे फोन तेवढे सरळ कंट्रोल रूमला जाणार. आता सगळ्यात सोपं काम उरलं होतं. हा फोन ठेवायचा, बाईंनी पुन्हा बटण दाबायचं, की झालं.

“मी ठेवतो. तुम्ही प...” ‘पुन्हा’ अडलं. ‘परत’ही त्याच अक्षराचं. त्यानं आडवाट धरली. “आणखी एकदा बटण...”

“ठेवू नका!” बाई किंचाळल्याच. “पाया पडते, ठेवू नका. एवढ्या वेळानं एक माणूस मिळालंय. तुम्ही ठेवलात आणि पुन्हा कुणी उचललं नाही तर?”

यात तिची काय चूक होती? त्याला तिला सांगायचं होतं की नाही ठेवत, काळजी करू नका. ‘काळजी’चा क दारातच आडवा पडला. सवयीनं तो गप्प झाला.

“भाऊ? गेलात का? भाऊ!”

समोरासमोर गप्प बसलं तर माणूस निदान दिसतो. फोनवर गप्प बसलेला माणूस नसल्यातच जमा. हे या धंद्यात इतकी वर्षं काढूनही त्याच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

“आहे,” तो म्हणाला. “आहे मी. मी अ-अ-अडखळतो.”

परक्या माणसाला हे त्यानं आजवर कधी सांगितलं नव्हतं. मग अंधारातून बाईंचा आवाज आला, आधीपेक्षा जरा खाली उतरलेला. “मग अडखळा की. सावकाश बोला. मला कुठं जायचंय?”

आणि आपल्याच बोलण्याचं तिला हसू आलं. रडण्यातून आलेलं, उचकी लागल्यासारखं हसू. त्यालाही आलं.

त्यानं दुसऱ्या हातानं टेबल-फोन ओढला आणि कंट्रोल रूमचा नंबर लावला.

“कंट्रोल रूम. बोला.”

चौदा म्हणायचं होतं. च आला आणि जिभेवर ठाण मांडून बसला. गुळण्याचा जबडा घट्ट, मान ताठ, आवाज शून्य.

“कोण पोरं आहेत रे? बटण म्हणजे खेळणं वाटतं का तुम्हाला?” आणि फोन कट.

ऑपरेटरचाही दोष नव्हता. डब्यातून आलेला प्रत्येक फोन त्याला लिफ्टमधलाच वाटणार. रिकामटेकडी पोरं लिफ्टमध्ये शिरतात, पिवळं बटण दाबतात आणि तोंड दाबून हसत बसतात. पलीकडून आवाज आला नाही की कट करायचा, ही त्याच्या हाताला पडलेली सवय होती. गुळण्यानं पुन्हा नंबर लावला आणि या वेळी शक्कल लढवली. मोबाईलचा स्पीकर सुरू करून तो टेबल-फोनच्या तोंडाशी धरला, म्हणजे बाईच बोलतील. दुसऱ्यानं बोलायचं आणि आपण मागे उभं राहायचं, ही जन्माची खोड अशी सहजासहजी जात नाही. पण दोन फोन जवळ येताच अशी काही कर्कश शिट्टी सुरू झाली की बाई तिकडून ओरडल्या आणि ऑपरेटरनं एक शिवी हासडून फोन आपटला.

“भाऊ, काय झालं हो? आणि इथं हवा कमी झालीय का? मला श्वास लागतोय.”

लिफ्टला फटी असतात, हवा संपत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण भीतीला फटी दिसत नाहीत. बाईंचा श्वास आता त्याला सरळ कानात ऐकू येत होता, आखूड आणि भरभर.

त्यानं आडवाट शोधून पाहिली. ‘तेराच्या पुढची इमारत’ असं म्हणता येईल. पण घाईत ऑपरेटरनं तेरा एवढंच ऐकलं तर? गाडी तेराच्या दारात जाऊन उभी राहील आणि मेकॅनिक चांगल्या चालणाऱ्या लिफ्टमध्ये वर-खाली करत बसेल. नाही. चौदाला चौदाच म्हणायला हवं होतं. आणि गप्प राहायचं नव्हतं. ऑपरेटर शांततेला कट करत होता, म्हणजे शांतता सोडून दुसरं काहीही चालणार होतं. जे ऐकू जाऊ नये म्हणून तो आयुष्यभर जपत आला होता, तेच आता मोठ्यानं ऐकवायचं होतं. त्यानं नंबर लावला.

“कंट्रोल रूम.”

“च-च-च-च...”

“काय?”

“च-च-चौ...”

“अरे, कोण आहे? चेष्टा...”

“ठेवू नका!” हे बाईंचेच शब्द, ते तोंडातून सरळ सुटले. “च-च-च-चौदा. चौदा नंबर इमारत. लिफ्ट द-दुसरी. आत बाई आहेत. अंधार आहे. त्यांना श-श्वास लागलाय.”

टेबलावर थुंकीचे थेंब उडाले होते. कानशिलं तापली होती. पण सगळं बाहेर आलं होतं, आणि ऑपरेटरचा आवाज एकदम बदलला.

“चौदा, लिफ्ट दोन. लिहिलं. गाडी निघतेय. तुम्ही कोण?”

“ड-डबा बसवणारा,” गुळण्या म्हणाला आणि त्यानंच फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या आधी.

मग वाट बघणं आलं. बाई म्हणाल्या, बोलत राहा. हे वाक्य त्याला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं सांगितलं की लिफ्टला फ-फटी आहेत, खाली बसा, पाय पसरा. त्या बसल्या. पँटींची पिशवी पाठीशी घेतली. श्वास हळूहळू जागेवर आला आणि जीभही सैल सुटली.

“तुम्हाला एक सांगू का? मला थांबायची सवय आहे. गिऱ्हाईक माप द्यायला आरशासमोर उभं राहिलं ना, की पोट आत ओढून घेतं. सगळे घेतात, बाया काय न् बाप्ये काय. तेव्हा टेप लावली तर कपडा घट्ट होणार आणि शिव्या मला बसणार. मग मी उगाच खडू शोधते. डोळ्यासमोर असतो, तरी शोधते. इकडचं तिकडचं बोलते. त्यांनी श्वास सोडला की मग टेप. घाई केली की माप चुकलंच समजा.”

गुळण्याला वाटलं, आपल्यालाही काही सांगावं. त्यानं पाण्याची आणि पतंगाची गोष्ट सांगायला घेतली. ‘पतंग’पाशी चांगलाच अडकला. पलीकडे बाई गप्प होत्या. ‘पाणी?’ असं म्हणाल्या नाहीत, ‘पैसे?’ म्हणाल्या नाहीत, काही म्हणाल्या नाहीत. शेवटी पतंग सुटला.

“मग? मिळाला का कधी?”

“नाही. प-प-पाणी मात्र भरपूर मिळालं.”

बाई खो खो हसल्या. लिफ्टच्या भिंतीत ते हसू घुमलं. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “तुमची कंपनी मात्र चांगली हो. उशिरा उचललंत, पण माणूस चांगला बसवलाय. सुट्टीच्या दिवशी परक्या बाईशी एवढा वेळ कोण बोलतं?”

हे त्याला काट्यासारखं टोचलं. तो कंपनीचा नव्हता. त्याला तिथं कुणी बसवलं नव्हतं. तो तिथं चुकून होता, आणि तो तिथं होता म्हणूनच तिला इतका वेळ लागला होता. नियम पुसून झाला होता. साहेबांना कळणार नव्हतं, ऑपरेटरला कळणार नव्हतं. रेडिओला विचारलं असतं तर गालावर हात धरून त्यानंही हेच सांगितलं असतं, की गप्प बस. आणि गप्प बसण्यात गुळण्याचा हात कोण धरणार? पण अंधारात एक बाई दोनदा पूर्ण घंटा ऐकत बसली होती आणि मनाशी म्हणत होती की आपण गेलो तरी कुणाला पत्ता लागणार नाही. ती घंटा त्यानं ऐकली होती. तिच्यावर रुमाल टाकला होता. हे तिला न सांगता फोन ठेवणं त्याच्यानं होईना.

वरून लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग माणसांचे आवाज.

“आले वाटतं!” बाई म्हणाल्या. “भाऊ, आले हो!”

“एक स-सांगायचं होतं,” गुळण्या म्हणाला.

“सांगा ना.”

“तुमचा फोन द-दोनदा आला. मी घरी होतो. घंटा वाजत होती. मी उ-उचलला नाही.”

लिफ्टला एक हिसका बसला. बाईंच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. यंत्र गुरगुरलं, काहीतरी हळूहळू खाली सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. दाराच्या फटीत पहार घातल्याची करकर त्याला स्पष्ट ऐकू आली.

“तो तिकडे जायला हवा होता,” तो घाईघाईनं म्हणाला. “क-क-कंट्रोल रूमला. माझ्याकडे यायला नको होता. क-काल मी...” आणि घाई केल्यामुळे सगळंच तुंबलं.

दार उघडलं. इमारतीतला गलका एकदम आत घुसला. कुणी म्हणत होतं, उजेड आणा, कुणी म्हणत होतं, पाणी आणा. त्यात एका पुरुषाचा चढलेला आवाज, “या मावशी, हात द्या. जपून. पायरी आहे.”

गुळण्यानं डोळे मिटले. गेल्या. सगळेच जातात. अर्ध्या वाक्यावर उठून जाणाऱ्या माणसांचा त्याला राग कधीच आला नव्हता. त्यांनाही कामं असतात. आणि ही बाई तर अंधारातून सुटत होती.

“थांबा हो जरा,” बाईंचा आवाज फोनच्या अगदी जवळून आला.

“अहो मावशी, या ना बाहेर. लिफ्ट पुन्हा सरकली तर?”

“पहार लावून धरा मग. त्यांचं बोलणं व्हायचंय.”

“कुणाचं?”

“यांचं. भिंतीतल्यांचं. तुम्ही दमानं घ्या.” मग फोनकडे तोंड करून, “हं, भाऊ. काल तुम्ही.”

बाहेरचा गलका हळूहळू शांत झाला. लोक काय बघत उभे असतील ते गुळण्याला दिसत होतं: उघडं दार, बाहेर उजेड, आणि आत एक बाई पिशवी छातीशी धरून भिंतीतल्या जाळीला कान लावून उभी. मेकॅनिक पहारीवर वजन टाकून कण्हत होता. कुणीही त्याचं वाक्य पूर्ण केलं नाही.

“काल मी नियम पुसायला वि-विसरलो,” तो म्हणाला. “म्हणून तुम्हाला अंधारात बसावं लागलं. च...”

अडलं. त्यानं आडवाट धरली नाही आणि तो गप्पही झाला नाही.

“च-च-च-च...”

मेकॅनिक काहीतरी पुटपुटला. बाईंनी त्याला ‘शू’ केलं.

“च-च-चूक माझी होती.”

“ऐकलं,” बाई म्हणाल्या. “आता उतरते.”